मागे कोणी नाही

१

आधी वेळापत्रक सांगते, कारण त्या दिवशी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. साडेआठला ठकीला पाजायचं. नऊला घळीच्या तोंडाशी कयाक पाण्यात घालायच्या. साडेबारा, फार तर एकपर्यंत खालच्या पुलाशी पोचायचं. तिथे नवरा ठकीला घेऊन थांबणार होता. ठकी म्हणजे आमची सात महिन्यांची मुलगी. ती बाटली थुंकून टाकते, वाटी-चमचा भिरकावून देते. तिला आई लागते, तीही वेळेवर. म्हणजे चार-साडेचार तास तिच्या पोटाची मुदत, आणि तेवढीच माझ्या छातीची.

"पाचव्या तासाला काय होईल?" गाडीत मी नवऱ्याला तिसऱ्यांदा विचारलं.

"ती रडेल. मग मीही रडेन. मग तू येशील."

"आणि नाही आले तर?"

"अगं, नदी आहे ती. एकाच बाजूला वाहते. तू दुसरीकडे जाणार कुठे?"

खरं म्हणजे मी जावं ही हौस त्याचीच होती. ठकी झाल्यापासून मला काही वाटत नव्हतं. दुःखही नाही, दुःख आलं असतं तर निदान ओळखीचं कोणी आल्यासारखं झालं असतं. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं सगळं होतं. बोट लागलेलं कळतं, दुखत नाही. ठकीचं सगळं मी घड्याळ लावून करायचे. पण तिच्याशी बोलायला तोंड उघडलं की स्टेशनवर घोषणा केल्यासारखा आवाज निघायचा. 'आता आपण कपडे बदलणार आहोत.' ठकी माझ्याकडे गाडी चुकलेल्या प्रवाशासारखी बघायची.

"जाऊन ये," नवरा म्हणाला होता. "पूर्वी पाण्यातून यायचीस तेव्हा दोन दिवस बडबड थांबायची नाही तुझी."

मी चष्म्याचे नंबर काढते. खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, हे बरं की ते? नऊ वर्षांत एक गोष्ट कळली आहे. माणसं खात्रीने सांगतात आणि चुकीचं सांगतात. तेव्हा पुढचं वाचताना माझ्यावर कितपत विश्वास ठेवायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझं अजून ठरलेलं नाही.

२

आम्ही चौघं. सगळ्यांत पुढे मास्तर. तो तलावावर पोरांना पोहायला शिकवतो, आणि नदीवर आम्हालाही पोरंच समजतो. त्याच्यामागे सुतार. तो खरोखरच सुतार आहे, पण करवतीपेक्षा त्याची जीभ जास्त चालते. मग वकीलबाई, माझी कॉलेजातली खोलीवाली. आणि शेवटी मी. शेवटच्या माणसाला आमच्यात 'शेपटी' म्हणतात.

घळीत एकदा शिरलं की बाहेर पडायला वाट नाही. दोन्हीकडे ओले उभे कडे, वर आभाळाची पट्टी, खाली पाणी. पाण्याचा आवाज एवढा की शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड हलताना दिसतं. म्हणून सगळं खुणांवर चालतं. रॅपिड म्हणजे खडकांतून उसळत जाणारा उतार. तो उतरून खडकामागच्या संथ पाण्यात आलं की हेल्मेटवर तळहाताने थोपटायचं: मी ठीक आहे. बाकीचे थोपटून उत्तर देतात. वर थांबलेल्यांपैकी पुढच्याने उतरावं म्हणून मास्तर एक छोटी शिट्टी देतो. शेपटी सगळ्यांत शेवटी उतरते आणि वल्हं डोक्यावर सरळ उभं धरते. त्याचा अर्थ, मागे कोणी नाही. मग मास्तर एक लांब शिट्टी देतो, आणि त्यानंतर कोणीही मागे वळून बघायचं नाही. पुढचं पाणी बघायचं. सुतार एकदा मागे बघत राहिला होता आणि पुढच्या खडकावर दोन दात ठेवून आला, तेव्हापासूनचा हा नियम.

आणि चेहरे कोणी बघत नाही. तुषारांत चेहरे दिसतच नाहीत. मास्तर लाल, सुतार हिरवा, वकीलबाई निळी, मी पिवळी. बोट आणि हेल्मेट एकाच रंगाचं. घळीत माणूस म्हणजे रंग.

"काय शेपटीबाई," पाण्यात उतरताना सुतार म्हणाला, "दोन वर्षं हललेली नाही. गंज-बिंज धरला नाही ना?"

"तिला चिडवू नकोस," वकीलबाई म्हणाली. "तिला साडेबाराला जेवण वाढायचंय."

"मग आमचं पण पान मांडा की."

मास्तरने त्याच्या अंगावर वल्ह्याने पाणी उडवलं. मी हसले. म्हणजे हसण्याच्या जागी जे करायचं ते केलं.

पहिले दोन रॅपिड मी बिनचूक उतरले. हात विसरले नव्हते. पाणी अंगावर आलं, थंड होतं, हे समजलं. बडबड करावी असं काही आत हललं नाही.

३

तिसऱ्याला आम्ही जिना म्हणतो. पाच पायऱ्या, आणि दुसऱ्या पायरीखालचं वरून काही दिसत नाही. वरच्या बाजूला एका खडकाच्या आडोशाला थांबायचं आणि शिट्टीची वाट बघायची.

मास्तर गेला. शिट्टी आली, सुतार गेला. शिट्टी आली, वकीलबाईचं निळं हेल्मेट पाण्याच्या कडेवर क्षणभर थांबलं आणि पुसल्यासारखं गेलं.

मी खडकाच्या भेगेत बोटं घालून बोट धरून ठेवली होती. माझी शिट्टी येईना. दोन मिनिटं, चार मिनिटं. कोणी उलटलं असेल तर तीन तुटक शिट्ट्या येतात, त्याही नव्हत्या. सहा मिनिटं.

मग शिट्टी आली. लांब.

मी पंधरा वर्षं शेपटी आहे. ती शिट्टी मी हजारदा ऐकली असेल, पण खालून, वल्हं उभं धरून. वरून कधी ऐकली नव्हती. शेपटीने ती वरून ऐकायचा प्रश्नच येत नाही.

चूक झाली असेल. कानात पाणी असेल. कड्यावर आपटून आवाज लांबतो. बोटीत पाणी शिरू नये म्हणून कमरेभोवती लावलेला रबरी पडदा मी सोडवला, बोट खडकावर ओढली आणि गुडघ्यांवर रांगत टोकाशी गेले. खाली डोह दिसत होता. लाल, हिरवा, निळा. तिघांची तोंडं एकाच जागी वळलेली होती, कड्याच्या पोटाखाली, जी जागा मला दिसत नव्हती. मास्तरने हेल्मेटवर थोपटलं. सुताराने थोपटलं. वकीलबाईने थोपटलं. कोणाला तरी उत्तर देतात तसं.

मग तिघंही वळले आणि वळणापलीकडे गेले. एकानेही मागे बघितलं नाही. नियमच होता.

मी ओरडले का, आठवत नाही. घड्याळ बघितल्याचं आठवतं. दहा सदतीस. पुढची वेळ साडेबारा.

४

जिना मी एकटी उतरले. उलटले नाही, डोकं आपटलं नाही, पाणी प्यायले नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढचं ऐकल्यावर माणूस पहिलं तेच विचारतो.

वळणापलीकडे अर्ध्या तासाने घळ रुंद होते, तिथे आवाज कमी असतो, बोलता येतं. तिघं बोटी एकमेकींना लावून खजूर खात बसले होते. वकीलबाईने मला आधी बघितलं. ती पुढे नदीकडे वळली, मग परत माझ्याकडे. तोंडातला खजूर तिने चावला नाही.

"तू मागून कशी आलीस?"

"मग कुठून येणार? मी शेपटी आहे."

"अगं, तू पुढे गेलीस."

मास्तर रागावला होता. घाबरला की तो रागावतो. "वल्हं उभं केलंस, मी लांब शिट्टी दिली, आणि तू थांबलीच नाहीस. इथे आम्हाला ओलांडून सरळ पुढे. शेपटीने पुढे जायचं असतं का? मी म्हटलं जाऊ दे, पोरीची वेळ झाली असेल."

"मी हाक मारली की," सुतार म्हणाला. "अगं ए आई, दोन घास खाऊन जा, म्हणून."

"मी अजून वरच होते," मी म्हटलं. "तुमची शिट्टी मी वरून ऐकली."

सुताराला विनोद सुचला नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"दुसरं कोणी असेल," मास्तर म्हणाला. "पिवळी बोट काय जगात एकच आहे?"

"आपल्या आधी कोणी उतरलं नव्हतं. मागून कोणी आलं असतं तर माझ्या कोपराला घासून गेलं असतं."

"डुलकी लागली असेल तुला. रात्रीची झोप नाही, काही नाही..."

ते मलाही पटण्यासारखं होतं. रबरी पडदा लावून, भेगेत बोटं अडकवून, रॅपिडच्या तोंडावर डुलकी. आई झालेल्या माणसाला ती कुठेही लागते.

मी वकीलबाईला विचारलं, चष्म्याच्या दुकानात विचारते त्याच आवाजात. "चेहरा दिसला?"

"पाणी उडत होतं. पिवळं दिसलं." तिने खजुराची बी पाण्यात टाकली. "माझ्याकडे बघून हसलीस."

"मी?"

"म्हणून तर लक्षात राहिलं," ती म्हणाली, आणि मग बोलून गेल्याचं तिलाच वाईट वाटलं.

मास्तरने लाल हेल्मेटचा पट्टा आवळला. "हे बघा, पुढे गिरणीचा रॅपिड आहे. ज्याला त्याला आपापल्या जागी. पुलाशी पोचू, मग काय ते बोलू."

पुलाशी. तेव्हा कुठे मला ते दिसलं. नदी एकाच बाजूला वाहत होती, आणि माझ्या पुढे जे कोणी होतं, ते माझ्या आधी तिथेच पोचणार होतं.

५

मी जागा सोडली. मास्तरच्या पुढे गेले. मागे त्याची शिट्टी वाजत राहिली, आणि मी मागे वळून बघितलं नाही.

गिरणीत पाणी दोन खडकांमध्ये गोल फिरतं. तिथे घाई करायची नसते. मी घाई केली. डाव्या खडकाने खांदा सोलला. लागलं ते कळलं. बाहेर पडले तेव्हा पुढच्या वळणावर एक पिवळं टोक कड्यामागे जात होतं.

मी जोर लावला. वळण गाठलं. पुढच्या वळणावर तेच टोक, तेवढ्याच अंतरावर. मी थांबले तरी तेवढंच, मर मर वल्हवलं तरी तेवढंच. एकदाच, एका लांब सरळ पट्ट्यात, ती पाठमोरी पूर्ण दिसली. तिला कसलीही घाई नव्हती. वल्हवताना माझा उजवा कोपर खाली पडतो. मास्तर पंधरा वर्षं त्यावरून ओरडतो आहे. तिचा पडत नव्हता. बाकी सगळं माझं होतं.

मग कडा मध्ये आला.

संथ पाणी सुरू झालं तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती. छाती अकरापासून दगडासारखी झाली होती. वल्ह्याच्या दर फटक्याला जॅकेटचा पट्टा रुतत होता, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आधार होता. कुठेतरी मी लागते, याची ती पावती होती.

तिथे, वल्हं पाण्यात असतानाच, दूध सुटलं. त्या मुंग्या ज्या बाईला माहीत आहेत तिला माहीत आहेत. बाळ रडलं की सुटतात, तोंड लागलं की सुटतात. इथे रडणं नव्हतं. कडे होते, आणि पाण्याचा बारीक आवाज. आधी डावीकडे, मग थोड्या वेळाने उजवीकडे, ठकी घेते त्याच क्रमाने. मी वल्हं आडवं ठेवून बसून राहिले. वीसेक मिनिटांनी दोन्ही बाजू मऊ पडल्या, हलक्या, ती पोटभर पिऊन सुटते तेव्हा होतात तशा.

जॅकेटच्या आत सगळं ओलंच होतं. त्यातलं दूध किती आणि नदी किती, हे मी सांगू शकत नाही. श्रमाने होतं असं, हेही मी स्वतःला सांगितलं. अजून सांगते.

६

पुलाखाली आमची एकच गाडी उभी होती. काठावर एकही बोट नव्हती. नवरा चटईवर बसला होता, खांद्यावर ठकी. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. आत्ताच डोळा लागलाय."

मी बोट वाळूत ओढली. पाय माझेच होते, पण कोणी तरी मला ते वापरायला दिल्यासारखे चालत होते.

"रडली का?"

"रडेल कशाला? गच्च पोट आहे." तो माझ्याकडे बघून हसला, आणि त्याचे डोळे लाल होते. "तुला एक सांगू? मी मुद्दाम तिकडे तोंड करून बसलो होतो. म्हटलं, बघत बसलो तर लाजशील आणि थांबशील. पण ऐकत होतो सगळं."

"काय ऐकलंस?"

"अगं, तूच बोलत होतीस की तिच्याशी! नदीचं काय, माशांचं काय, सुताराच्या दातांचं काय. आणि गाणं! मला वाटलं होतं तुला गाणंबिणं येतच नाही. ठकी तर खिदळत होती नुसती." त्याने ठकीच्या पाठीवरून हात फिरवला. "सात महिने वाट बघत होतो, तू कधी परत येतेस याची."

"मग मी कुठे गेले?"

"म्हणजे? बोट आणते म्हणालीस. खाली गेलीस, आलीस." त्याने माझा सोललेला खांदा बघितला. "हे आत्ता कुठे लागलं?"

मागून तिघं आले. मास्तरने बोटी गाडीवर चढवताना मोजल्या. चार. परत मोजल्या. सुतार दोर बांधत राहिला, गरजेपेक्षा जास्त गाठी मारत. वकीलबाईने माझं मनगट धरलं.

"सांगणार आहेस त्याला?"

नवरा गाडीचं दार उघडून ठकीची टोपी शोधत होता. शीळ घालत होता. त्याची शीळ ऐकून किती महिने झाले, ते मोजायचा मी प्रयत्न केला.

"काय सांगू?" मी म्हटलं. "की ती मी नव्हते?"

मी ठकीला घेतलं. तिच्या हनुवटीवर दुधाचा वाळलेला ओघळ होता. तिने डोळे उघडले, माझा चेहरा नीट बघितला, मग माझ्या खांद्यावरून मागे, नदीकडे, बराच वेळ. मग परत माझ्याकडे. तिने रडायला हवं होतं. तिने फक्त समजूतदार चेहरा केला.

७

त्याला आता सहा आठवडे झाले. आम्ही परत पाण्यात गेलेलो नाही. मास्तर फोन करतो, हवापाण्याचं बोलतो, ठेवतो. ठकीचं वजन चांगलं वाढतं आहे. दवाखान्यातल्या बाईंनी तक्ता दाखवून विचारलं, काय हो, काय देता हिला? मी वेळापत्रक सांगितलं.

माझं वेळापत्रक तेच आहे. फक्त कधी कधी मी पाजायला घेते तेव्हा तिचं पोट भरलेलं असतं.

परवा दुपारी अडीच वाजता मी भांडी घासत होते. नवरा कामावर, छापखान्यात होता. दाराला आतून कडी होती. मी ती नंतर बघितली, आधीही बघितली होती. ठकी आतल्या खोलीत पाळण्यात झोपली होती. स्वयंपाकघर आणि ती खोली यांत चार पावलांचा बोळ आहे.

नळ वाहत होता, म्हणून आधी शब्द लागले नाहीत. नुसती लय लागली. कोणीतरी लहान मुलाशी बोलतं तशी, मध्येच खाली उतरणारी, मध्येच प्रश्नावर उभी राहणारी. मला वाटलं शेजारचा रेडिओ. मग वाटलं माझा फोन. फोन माझ्या खिशात होता. मी हात न पुसता बोळात आले.

आवाज माझा होता. माझा आवाज मला ओळखू येतो. लोकांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगतानाचा तोच. पण त्यात हसू मिसळलेलं होतं, आणि त्यामुळे तो कितीतरी तरुण वाटत होता. खिडकीवरची माशी चष्मा विसरली, म्हणून काचेवर आपटते, असं काहीतरी ती सांगत होती. माशीचा नंबर काय असेल, असं ठकीला विचारत होती. आणि ठकी हसत होती. पोटातून, श्वास संपेपर्यंत, मग श्वास घेऊन परत. मी तिला असं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून पाळण्याची कड दिसली, आणि वर आलेली ठकीची मूठ. मुठीत कोणाचं तरी बोट होतं. त्याची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी.

मी माझी बोटं बघितली. तीही तशीच होती. मी भांडी घासत होते.

दार ढकलायला हवं होतं. आई असती तर तिने ढकललं असतं, हा विचार माझ्या डोक्यात आला, आणि तो कोणत्या शब्दांत आला ते माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी हात उचलला होता. दाराच्या फळीवर टेकवलाही होता. आत गेले तर तिथे कोणी नसेल, हे मला माहीत होतं. पाळणा असेल, माशी असेल. आणि ठकी असेल, माझ्याकडे बघणारी. हसणं थांबेल.

ठकी परत हसली.

मी हात काढला. फळीवर ओला पंजा उमटला होता. तो पदराने पुसला. स्वयंपाकघरात आले. नळ तसाच वाहत होता. मी तो हळूच बंद केला, त्यांना त्रास नको म्हणून.